पुंजाबाबांची सुई

पुंजा भवर सरकारी नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा त्यांचं पद होतं व्रणोपचारक. हा शब्द त्यांना स्वतःलाच एकतीस वर्षांत धड उच्चारता आला नाही. लासलगावच्या अलीकडे एका गावात जनावरांचा सरकारी दवाखाना होता, तिथं ते होते. जखमा धुवायच्या आणि पट्ट्या बांधायच्या, ही कागदावरची कामं. डॉक्टर नाशकाहून येऊन-जाऊन नोकरी करायचे, त्यातलं जाणं नियमित होतं. त्यामुळे ओला घास खाऊन ढोलासारखी फुगलेली म्हैस गोठ्यात आडवी झाली की लोक पुंजालाच हाक मारत. डाव्या भकाळीवर, बरगड्यांमागच्या खळग्यात, बोटांनी जागा चाचपायची, पोकळ जाड सुई खुपसायची. फुस्स करून हवा सुटली, म्हैस उठली, की रजिस्टरवर डॉक्टरांची सही घ्यायची. पुंजाने उठवलेल्या म्हशींवर दोन डॉक्टरांची बढती झाली. पुंजाला निरोपाच्या दिवशी शाल, नारळ आणि एक प्रमाणपत्र मिळालं. त्यावर नाव चुकून पडलं होतं 'श्री. पुंडलिक भवर'.

बायको आधीच गेलेली, म्हणून ते नाशिकला मुलाकडे राहायला आले. मुलगा सोमनाथ अंबडच्या कारखान्यात शिफ्टवर जायचा. सून योगिनी प्राणिशास्त्रात बीएस्सी झालेली. गंगापूर रोडला तिचं शोभेच्या माशांचं दुकान होतं. पुंजाबाबांना या धंद्याचा उलगडा होईना.

"दूध देत नाय, शेण देत नाय, खायचा बी नाय," ते म्हणायचे. "मंग पाळायचा कशापायी?"

"बघायला, आप्पा."

"बघायला तं आमच्या गावात फुकट व्हते."

तरी घरी भिंती बघण्यापेक्षा बरं म्हणून ते रोज टोपी घालून दुकानात स्टुलावर बसत. गिऱ्हाइकं त्यांना वॉचमन समजत आणि गाडीकडे लक्ष ठेवायला सांगत. ते ठेवतही.

त्याच रस्त्याला धनराजशेठनी नवा बंगला बांधला. शेठचं द्राक्षाचं पॅकहाऊस पिंपळगावला आणि माल परदेशात. बंगल्याच्या दिवाणखान्यात सात फुटांची काचेची टाकी भिंतीत बसवली होती, खाऱ्या पाण्याची. शेखर नावाच्या वास्तुतज्ज्ञाने सांगितलं होतं की ईशान्येला समुद्र असावा. नाशिकच्या ईशान्येला समुद्र आणणं शेठनाही जमण्यासारखं नव्हतं, म्हणून टाकी. पाण्यातलं मीठ राखण्याचं काम योगिनीकडे होतं. मासे मात्र शेठनी तिला न विचारता मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून परस्पर मागवले. योगिनी दोन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून मगच मासा देते, आणि एवढा वेळ शेठकडे नव्हता. रविवारी वास्तुशांत होती, दोनशे पाहुणे यायचे होते.

गुरुवारी मासे आले. त्यातला मोठा, निळ्यापिवळ्या पट्ट्यांचा एंजल टाकीत सोडला आणि तो वरच तरंगू लागला. शेपूट आभाळाकडे, तोंड खाली. बिचारा जीव खाऊन खाली पोहायचा, वीतभर जायचा आणि बुचासारखा पुन्हा वर यायचा.

बंगल्यात सल्लागारांना तोटा नव्हता. ड्रायव्हर म्हणाला, "शेठ, ह्याला कसाऱ्याचा घाट लागला." कुणी हसलं नाही. शेठच्या पत्नी संजनाताईंनी उलटीची गोळी पाण्यात विरघळवून चालेल का, असं गंभीरपणे विचारलं. शेखरने डोळे मिटून सांगितलं की मासा घराची पीडा स्वतःवर घेतोय, हे शुभ आहे. मेला तर मात्र अशुभ, मग टाकी हलवावी लागेल आणि भिंत पाडावी लागेल. शेठचे साडू पोटविकारतज्ज्ञ होते. त्यांनी व्हिडिओ कॉलवर माशाकडे बराच वेळ पाहून विचारलं, "सकाळी पोट साफ झालं होतं का?" मुंबईचा व्यापारी फोनवर म्हणाला, "ॲडजस्ट हो जाएगा," आणि त्यानंतर त्याचा फोन लागेना.

शेवटी योगिनीला बोलावलं. ती आली, मागे बादली घेऊन पुंजाबाबा.

योगिनीने माशाला अलगद पाण्याच्या टबात घेतलं, खोलीतले दिवे घालवले आणि माशाच्या पलीकडून टॉर्च धरली. माशाच्या पोटात कंदिलासारखा एक उजळ फुगा दिसला.

"याच्या आत हवेची पिशवी असते," ती म्हणाली. "तिच्यावरच तो पाण्यात तोलून राहतो. हा खोल समुद्रातला मासा. पकडणाऱ्याने घाईने वर ओढला असणार. वर पाण्याचा दाब कमी, त्यामुळे पिशवी फुगली. सावकाश आणला असता तर हवा आपोआप जिरली असती."

"मग आता?" शेठ.

"मोठा फुगा आहे, आणि दमलाय फार. बारीक सुईने थोडी हवा काढावी लागेल." तिने पर्समधून इन्सुलिनची सुई काढली. हे तिने वाचलं होतं, एकदा मुंबईत पाहिलंही होतं. केलं कधीच नव्हतं. तिने सुईचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

पुंजाबाबा टबावर वाकले होते. त्यांचे डोळे लकाकले. "आगं, ही तं पोटफुगी!"

"आप्पा, म्हैस नाहीये ती."

"म्हशीपरीस बारीक हाय, एवढाच फरक. जागा दाव."

तिने सुई त्यांना दिली, ओल्या फडक्यात मासा धरला आणि जागा दाखवली, बाजूच्या पराच्या जरा मागे, खवल्याच्या फटीतून, तिरकी. "सगळी हवा नाही काढायची हां. रिकामा केलात तर दगडासारखा तळाशी बसेल."

बाबांचा हात जराही हलला नाही. सुई खवल्याखाली सरकली, दट्ट्या हळूच मागे आला, नळीत हवा भरली. योगिनी "बस" म्हणाली आणि ते थांबले. टाकीत सोडल्यावर मासा थोडा कलंडला, मग सरळ झाला, आणि खडकाआड जाऊन शहाण्यासारखा उभा राहिला.

शेठनी बाबांना मिठी मारली. बाबांना आयुष्यात पहिल्यांदाच रजिस्टरवर दुसऱ्याची सही घ्यायची नव्हती.

रविवारी वास्तुशांतीला पुंजाबाबांना फेटा बांधून टाकीशेजारी खुर्चीवर बसवलं. शेठ प्रत्येक पाहुण्याला तीच गोष्ट सांगत होते, आणि प्रत्येक वेळी फुगा वाढत होता. संध्याकाळपर्यंत माशाचं हृदय बंद पडून पुन्हा चालू झालं होतं. शेखरने पीडा टळल्याचं श्रेय ईशान्येला दिलं. योगिनी टाकीच्या मागे ओणवी होऊन मीठ तपासत होती. एका बाईंनी तिला कामवाली समजून रिकामा कप तिच्या हातात दिला. बाबांनी ते पाहिलं. पण फेटा नुकताच बसला होता, आणि मान वळवली की हलत होता.

त्यानंतर बाबा बदलले. त्यांनी कार्डं छापून घेतली, 'मत्स्यवैद्य पुंजा भवर, पोटफुगीवर खात्रीचा इलाज'. स्टूल सोडून ते काउंटरच्या खुर्चीत बसू लागले. कुणी गाडीकडे लक्ष ठेवायला सांगितलं तर त्यांना राग येऊ लागला. "आपल्या सुनेला पुस्तकातलं लय कळतं," ते गिऱ्हाइकांना सांगत, "पण हात लागतो, हात!" योगिनी हे ऐकायची आणि टाक्या पुसायची.

महिनाभराने संजनाताईंच्या मैत्रिणीचा, पल्लवीताईंचा फोन आला. त्यांचा नवा फुलपाखरू-मासा फुगला होता. त्यांनी कॉलनीतल्या बायकांनाही बोलावलं होतं, वेफर्स मांडले होते, आणि आठ-दहा मोबाइल सरसावले होते.

योगिनी म्हणाली, "आप्पा, आधी टॉर्च."

"काय करायचीय टॉर्च? टम्म फुगलाय, दिसतंय की. एकतीस वर्षं हेच केलं मी."

"हा तरंगत नाहीये आप्पा, तळाशी बसलाय. खवले बघा कसे उभे राहिलेत..."

पण मोबाइल चालू झाले होते. बाबांनी बाही वर सारली आणि सुई घातली. दट्ट्या मागे आला, नळीत हवा आली नाही. तांबूस पाणी आलं. बाबांनी पुन्हा ओढलं, पुन्हा पाणी. बायका चहाला उठल्या तेव्हा मासा गेला होता.

व्हिडिओ कॉलनीभर फिरला. धनराजशेठनी तो बघून सगळ्यांना सांगितलं, "मी तर आधीच म्हणालो होतो, जनावराचा माणूस तो." शेखरने पल्लवीताईंना टाकीची दिशा बदलायला सांगितली आणि त्या कामाचं बोलणंही करून टाकलं.

परतताना योगिनी स्कूटर चालवत होती, बाबा मागे. सिग्नलला योगिनी मान न वळवता म्हणाली, "आत हवा नव्हती, आप्पा. आजाराने पाणी भरलं होतं. टॉर्चमध्ये अंधार दिसला असता. औषध देऊन कदाचित वाचला असता, कदाचित नसता. पण सुईने मरायला नको होता."

दुकानात आल्यावर बाबांनी उरलेली कार्डं घरच्या बंबात जाळण्यासाठी पिशवीत भरली. मग जुन्या स्टुलावर बसले. टोपी मांडीवर ठेवून म्हणाले, "त्या दिशी त्या बाईनं तुझ्या हातात कप दिला, मी बघितलं व्हतं."

"माहितीये मला."

"मंग मला नीट शिकव. पहिल्यापासनं."

योगिनीने शिकवलं, आणि रागाने शिकवलं, म्हणून चांगलं शिकवलं. आल्या आल्या मासा चमकत्या टाकीत टाकायचा नाही. दिवे मंद, एक-दोन दिवस खाणं बंद. तरंगत असेल तर टॉर्च लावून बघायचं, हवा आहे की पाणी, की नुसतं पोट तुंबलंय. हवा थोडी असेल तर मासा झाकण असलेल्या प्लास्टिकच्या जाळीत घालून खोल पिंपाच्या तळाशी ठेवायचा. खाली पाण्याचा दाब जरा जास्त, वर येण्याची धडपड थांबते, आणि हवा सावकाश रक्तात जिरते. मग रोज जाळी थोडी थोडी वर घ्यायची. सुई अगदी शेवटी, दुसरा मार्ग नसेल तेव्हा.

"म्हंजे नुसतं बसून राह्यचं?" बाबांनी विचारलं.

"बसून बघायचं."

बाबांना ते जमलं. दिवसभर पिंपाशी बसून जाळीकडे बघण्याचा धीर असलेला माणूस गंगापूर रोडला दुसरा नव्हता. दिवाळीपर्यंत सात मासे त्यांनी सुईशिवाय सरळ केले. याचा व्हिडिओ कुणी काढला नाही, काढण्यासारखं त्यात काही घडतच नव्हतं. उलट गिऱ्हाइकं नाराज होत. अंधारात ठेवा, उपाशी ठेवा, एवढंच ऐकून जायला त्यांना गंडवल्यासारखं वाटे. एकाने तर स्पष्ट विचारलं, "सुई न देता तो डॉक्टर कसला?"

मार्गशीर्षात धनराजशेठचा निरोप आला. जनावराचा माणूस पुन्हा हवा होता. नवा मासा, पुन्हा मुंबईचा, पुन्हा घाईतला, पुन्हा तरंगणारा. बाबांनी टॉर्च लावली, फुगा लहान दिसला. मासा दुकानात नेला, चार दिवस पिंपात ठेवला आणि पाचव्या दिवशी सरळ पोहणारा मासा परत आणून टाकीत सोडला. शेठकडे परदेशी व्यापारी जेवायला आले होते. शेठनी त्यांना फुस्स करून हवा सुटण्याचं वर्णन आधीच करून ठेवलं होतं.

"म्हणजे सुई मारलीच नाही?" शेठ कुजबुजले.

"गरज पडली नाय."

"मग चार दिवस केलं काय तुम्ही?"

"बघितलं."

"बघायला तर आम्हीपण बघितलं असतं, बाबा!" शेठनी पाहुण्यांकडे हसून पाहिलं आणि आवाज आणखी उतरवला. "एक मारून टाका ना. बारीकशी. यांना सांगून बसलोय मी."

बाबांनी योगिनीकडे पाहिलं. तिने नाही म्हणून मान हलवली. बाबांनी पिशवीतून सिरिंज काढली, सुई काढून ठेवली, टाकीतलंच पाणी नळीत भरून घेतलं. मग बाही वर सारली, हात कोपरापर्यंत पाण्यात घातला, आणि माशापासून हातभर अंतरावर ते पाणी गंभीर चेहऱ्याने पुन्हा टाकीत सोडलं.

दिवाणखान्यात सगळ्यांनी श्वास सोडला. संजनाताईंनी हात जोडले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. "बघा, लगेच फरक!" शेठ म्हणाले. मासा मघापासून पोहत होता तसाच पोहत होता.

बाहेर आल्यावर योगिनी चिडली. "आप्पा, हे काय नाटक? आता सगळे हेच मागणार."

"माशाला कुठं दिली? शेठला दिली मी. त्यांचंच पोट फुगलं व्हतं."

तिला हसू आलं, पण तिने ते दाखवलं नाही. आणि तिचं म्हणणं खरंच निघालं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चार फोन आले. सगळ्यांना शेठकडे दिलेलं तेच औषध हवं होतं. योगिनीने फोन बाबांच्या हातात दिला आणि समोर उभी राहिली. प्रत्येकाला औषध नव्हतं, नुसतं पाणी होतं, असं बाबांना स्वतःच्या तोंडाने चार वेळा सांगावं लागलं. तिघांनी विश्वास ठेवला नाही. चौथ्याने विचारलं, "कुठलं पाणी? मागवता येईल का?"