तीन दिवस विझलेली चूल

पिएत्राफोस्का गावात लिहायला शिकलेली एर्मिनिया ही पहिलीच मुलगी. आधी तिनं कविता लिहिल्या. गावानं त्यांचं भारी कौतुक केलं, कारण त्या कुणाला कळल्या नाहीत. मग रोमला जाऊन तिनं कादंबरी लिहिली. ती मात्र सगळ्यांना कळली.

कादंबरीत गावच होतं, नावं तेवढी बदललेली. बालमैत्रीण नुन्झियातानं लग्नाआधी झालेलं मूल मठाच्या दारात ठेवलं होतं, हे फक्त एर्मिनियाला ठाऊक होतं. तिनं तेही लिहिलं, वर नुन्झियाताच्या गालावरच्या तिळासकट. एवढ्या शिकलेल्या बाईला इतकं कळू नये? नुन्झियाताचा नवरा अर्जेंटिनात मजुरीला होता. पुस्तकाची बातमी तिथवर गेली आणि त्याची पत्रं बंद झाली. त्याच वर्षी एर्मिनियाला रोममध्ये बक्षीस मिळालं.

सहा वर्षांनी आई गेली, तेव्हा ती गावी आली. मरण झालेल्या घरात तीन दिवस चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी जेवण आणायचं, ही तिथली रीत. मातीला माणसं आली, पण दफनभूमीतूनच पांगली. एर्मिनियानं मेजावर ताटल्या मांडल्या. दुसऱ्या दिवशीही त्या तशाच कोरड्या. भुकेचं एवढं काही नव्हतं, पण आपणच चूल पेटवायची म्हणजे आपलं इथं कुणी उरलं नाही हे साऱ्या गावाला धुरानं सांगणं. त्या विचारानं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसऱ्या दिवशी दुपारी नुन्झियाता आली. कोंबडीच्या रश्श्याचं भांडं तिनं मेजावर ठेवलं.

"नुन्झिया, मी तुझी..."

"माझ्याशी बोलू नकोस. हे तुझ्या आईखातर आणलंय."

आईला वाचता येत नव्हतं, तिला यातलं काय माहीत, असं एर्मिनिया पुटपुटली.

"पाद्रीबाबांकडून वाचून घेतलं तिनं, सगळं. मग दारोदार हिंडली, पोरीला माफ करा म्हणत. माझ्याकडे तर दर रविवारी यायची. शेवटी शेवटी काठी टेकत."

"मला कधी कळवलं नाही गं तिनं."

"कळवलं असतं तर तेही लिहिलं असतंस."

नुन्झियाता बसली नाही. एर्मिनियानं रडत रडत रस्सा संपवला, भांडं घासलं आणि तिच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवलं. दार उघडलं नाही.

पुढं तिनं पुष्कळ लिहिलं. आईच्या त्या रविवारांवर मात्र एक ओळही लिहिली नाही. जन्मात तेवढं एकच गुपित तिनं राखलं.