दाराला दगड लावणाऱ्या सुलभाताई

सुलभाताई वर्गात आल्या की आधी दाराला दगड लावायच्या. दार मिटता कामा नये. भूकंपात निलंग्याकडचं त्यांचं घर पडलं, आई गेली. तेव्हापासून बंद दाराआड त्यांचा जीव घाबरायचा. नवीन पोरं हसायची. "हसा बाबांनो, पण पळायची वाट मोकळी ठेवा," म्हणायच्या आणि जीवशास्त्राला सुरुवात.

लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघाले तेव्हा आम्ही दोघी एकाच क्लासमध्ये होतो. मी रसायनशास्त्र शिकवायचे. बाई तशी तऱ्हेवाईक. एकदा त्यांच्या डब्यातलं लोणचं न विचारता घेतलं, तर दोन दिवस अबोला! कॅन्सरमुळं उजवा स्तन काढला, केमोनं केस गेले, तरी डोक्याला रुमाल बांधून हजर. "मी काय केसानं शिकवत होते व्हय?"

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर, टीचर्स रूममध्ये कुणी नाही बघून त्यांनी माझं बोट धरलं आणि ब्लाउजवरूनच जुन्या टाक्यांवर ठेवलं.

"बघ गं, तांदळाएवढं लागून राहिलंय."

लागलं. "टाक्याचीच गाठ असंल," मी म्हणाले.

"डॉक्टरनी काही दिसलं की ये म्हणून सांगितलंय. पण दोन धडे राहिलेत, मग रिव्हिजन. माझ्या जागी कोण मिळणार आता? पोरांची बारावी होऊ दे."

आमच्याकडं लग्न, बारसं, दुखणं, सगळं बारावीनंतर. माझाही पोर्शन राहिला होता. मी म्हणाले, "हाव, होऊ द्या." मग घंटा झाली आणि आम्ही वर्गावर गेलो.

शेवटचा पेपर झाला त्याच दुपारी आम्ही दवाखाना गाठला. तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनच्या जागीच परत आलाय. तेवढ्यावर असता, तर काढून, रेडिएशनचा शेक देऊन बऱ्याच जणी पुढं वर्षानुवर्षं चांगल्या राहतात. तुमचा लवकर उलटला, ते लक्षण बरं नव्हतंच. आता फुफ्फुसातही दिसतोय. औषधानं लांबवू, बरा होणार नाही."

"दिवाळीला आले असते तर?"

डॉक्टर फाईल चाळत राहिले. "खात्री कुणीच दिली नसती. पण आशा जास्त होती."

मला काहीच वाटलं नाही. रडूसुद्धा आलं नाही. बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यालो. "बर्फ लई टाकलाय मेल्यानं," त्या म्हणाल्या.

त्यांचा भाऊ त्यांना नांदेडला घेऊन गेला. निकालानंतर मी पेढे घेऊन गेले. त्यांनी एकेका पोराचं नाव घेऊन विचारलं आणि म्हणाल्या, "बघ, थांबले ते बरंच झालं." मी मान हलवली.

पोळ्याच्या आधी त्या गेल्या. दाराला दगड आता मी लावते. आतून अजूनही काही हलत नाही. एकच गोष्ट मनातून जात नाही. त्या नांदेडला गेल्यावर क्लासनं जीवशास्त्राला माणूस शोधायला घेतला. आठ दिवसांत मिळाला.