बायजाबाईचा तुंबा

बायजाबाईला काकवी फारशी आवडत नसे. जिभेला चिकटते आणि मागून घटाघटा पाणी प्यावं लागतं, असं तिचं म्हणणं. तरी माघ लागला, वैनगंगेच्या काठी धनीरामचं गुऱ्हाळ सुरू झालं आणि उकळत्या रसाचा वास गावात शिरला, की भांडं घेऊन निघणाऱ्या बायकांत ती असायचीच. नवरा बाबुलाल तांदळाच्या आयत्यांबरोबर, म्हणजे घावनांबरोबर, काकवी अशी खायचा, की ताट धुवायची गरज उरत नसे. लोकांना वाटे, बाई नवऱ्यासाठी जाते. बाबुलाललाही तसंच वाटे.

बाई नकला मोठ्या झकास करायची. धानाच्या रोवणीत तिच्या शेजारची जागा मिळावी म्हणून बायकांत ओढाताण चाले. चिखलात वाकलेली, हातातलं रोप न थांबवता ती ग्रामसेवकापासून स्वतःच्या सासूपर्यंत कोणाचाही आवाज काढायची. धनीरामचा तर हुबेहूब.

त्या गुऱ्हाळाचा एक रिवाज होता. आलेल्याचं भांडं रिकामं परत धाडायचं नाही. धाडलं तर पुढच्या कढईचा गूळ बसत नाही, चिखलासारखा वाहत राहतो, असं सगळं गाव मानायचं. सर्वांत जास्त मानायचा धनीराम, कारण गूळ त्याचा. आणि सर्वांत जास्त जिवावर यायचं तेही त्याच्याच, कारण काकवीही त्याचीच. म्हणून तो द्यायचा, पण भांडून द्यायचा. "हे भांडं होय का टाकी?" असं एकीला. "तुही सासू लोटी आणे, तू घागर घेऊन आली?" असं दुसरीला. बायकाही सोडायच्या नाहीत. धनीरामशी चार शब्द झाल्याशिवाय मिळालेली काकवी त्यांना अळणी लागायची.

बायजाबाईच्या मोहल्ल्यातल्या बायकांशी मात्र तो भांडत नसे. त्या आल्या की गप्प व्हायचा. कुडाला अडकवलेला बांबूचा दांडा काढायचा. दांड्याच्या टोकाला नारळाची करवंटी बांधलेली. त्या करवंटीने तो रांजणातली काकवी उचलायचा आणि हातभर वरून खालच्या भांड्यात सोडायचा. छप्पन साली मोहल्ल्याने धम्म घेतला, घरातले देव गेले, पोरं शाळेत गेली, एकदोघं नोकरीला लागली. पंचाहत्तर साल उजाडलं तरी दांडा कुडावरच होता.

त्या माघात वारा सुटला होता. वरून सोडलेली धार वाकली आणि गंजात, म्हणजे तिच्या पातेल्यात, न पडता बायजाबाईच्या मनगटावर पडली. धनीराम म्हणाला, "नीट धर, वाया जाते ना." त्याला वाईट वाटलं ते काकवीचं. घरी पोचेपर्यंत बाईच्या मनगटावर माश्या बसत होत्या. त्याच संध्याकाळी तिने शेजारच्या सुमनबाईला सांगितलं, "पुढच्या साली त्यानं माह्या भांड्याले हात लावला पाह्यजे."

"अन् नाई लावला तं?"

"तं त्या गुऱ्हाळावर पुन्हा पाय ठेवणार नाई मी."

"बाबुलालभाऊ मरून जाईल वं."

"मरत नाई. पवनीच्या बाजारातून गुळाची भेली आणून देईन."

भांडून काही व्हायचं नाही, हे तिला ठाऊक होतं. भांडलं तर धनीराम दुप्पट काकवी देईल, पण दुप्पट उंचीवरून. तेव्हा त्याच्या कंजूषपणालाच कामाला लावायला हवं होतं. पावसाळ्यात तिने छपराच्या कडेला कडू भोपळ्याचा वेल चढवला.

"भाजीचा लावाचा ना," बाबुलाल म्हणाला. "कडू कायले?"

"भाजीचा तुमी खासान. मले न खाल्लेला पाह्यजे."

वेलाला लागलेल्या फळांतून तिने एक निवडलं. मान लांब, आणि बूड असं गोल की कुठेही ठेवलं तरी कुशीवर लवंडणार. ते वाळवलं, बिया काढल्या, कडूपणा जाईपर्यंत पाणी भरून ठेवलं. तुंबा तयार झाला. तोंडात अंगठा कसाबसा शिरेल, एवढंच भोक.

माघात ती सुमनबाईला घेऊन गुऱ्हाळावर गेली. कढईपाशी गूळ उतरवणारा चिंधू उभा होता, रांजणापाशी धनीरामची बायको सुलोचनाबाई राखणीला बसली होती. धनीरामने नेहमीप्रमाणे दांडा काढला. बायजाबाईने तुंबा पुढे केला.

"हे काय होय?"

"तुंबा होय, भाऊ."

"ते दिसते मले. गंज कुठी गेला?"

"कल्हईले टाकला."

धनीरामने वरून धार सोडली. त्याबरोबर बायजाबाईचे हात थरथरायला लागले. धार तुंब्याच्या खांद्यावरून घसरून थेट मातीत. बैलाने पायावर पाय द्यावा तसा धनीराम कळवळला.

"हालवू नको वं!"

"मी कायले हालवू? म्हातारपण हालवून राहिलं."

चाळिशीतली, सकाळीच धानाचं पोतं डोक्यावरून पोचवून आलेली बाई ही.

"खाली ठेव मंग."

तिने तुंबा खाली ठेवला. तो कुशीवर पडला आणि उताराने धनीरामकडे घरंगळत निघाला. धनीराम मागे सरला. तुंबा पुढे आला. धनीराम आणखी मागे सरला, आणि चिपाडांच्या ढिगाला त्याची टाच लागली. रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"सुमनबाई, तू धर तो," धनीराम म्हणाला.

सुमनबाईने हात वर केले. दोन्ही हातांना हळदीची फडकी बांधलेली.

"काय झालं?"

"विळा लागला."

"दोनी हाताले?"

"दोन विळे होते, भाऊ."

धनीराम चाडीसाठी, म्हणजे नरसाळ्यासाठी, ओरडला. सुलोचनाबाई जागची हलली नाही. "घरी एकच चाडी हाय, घासलेटाची. आणू? मंग हे काकवी दिव्यातच जाळा."

"जाऊ दे, भाऊ," बायजाबाई तुंबा उचलत म्हणाली. "मी रिकामीच जाते." आणि तिने पाठ फिरवली. पावलं मात्र अगदी सावकाश टाकली. कोणी हाक मारली नाही, तर हे शेवटचंच येणं होतं.

"मालक," चिंधू धुरातून बोलला. "कढई उतराची येळ झाली. बाई रिकामी गेली अन् गूळ नाई बसला, तं मले बोल लावू नका." तो खरंच घाबरला होता की मजा करत होता, धुरामुळे कळलं नाही.

"अजी, धरा ना त्या तुंब्याची मान!" सुलोचनाबाई कडाडली. "आधीच अर्धी पळी मातीत गेली."

धनीरामने एकदा मातीतल्या काकवीकडे पाहिलं, एकदा कढईकडे. मग दांडा फेकला, डाव्या हाताने तुंब्याची मान पकडली आणि उजव्या हाताने घरची पळी त्याच्या तोंडाला टेकवली. काकवी घट्ट, भोक बारीक. ती आपल्या चालीने उतरत राहिली. धनीरामच्या कपाळावर घाम. बायजाबाई समोर उभी, हात एकदम स्थिर.

"सावकाश, भाऊ. मले घाई नाई."

तुंबा भरला. शेवटचा थेंब मानेवरून ओघळून धनीरामच्या अंगठ्यावर आला. आणि आयुष्यभर थेंब वाया न घालवलेल्या त्या माणसाने, काही विचार न करता, अंगठा तोंडात घातला.

रांगेतल्या बायकांचे पदर तोंडावरून खाली आले. चरकाच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज तेवढा चालू. धनीरामने अंगठा बाहेर काढून पाहिला, जणू तो दुसऱ्याचा होता.

"तुंबा कडू जातीचा हाय," बायजाबाई काळजीने म्हणाली. "कडवट तं नाई लागली?"

"नाई," धनीराम म्हणाला. मग म्हणाला, "चांगली झाली."

संध्याकाळी एक-दोन म्हातारे त्याला नदीवर जाऊन आंघोळ कर म्हणून सांगायला आले. सुलोचनाबाईने विचारलं, "तोच हात पुढच्या कढईले लागला, तो गूळही नदीत सोडाचा काय?" गूळ तर दगडासारखा बसला होता. धनीरामने आंघोळ केली नाही.

पुढच्या माघात बायजाबाईने मुद्दाम गंज नेला. तुंब्याने त्याला हात लावायला भाग पाडलं होतं, गंजाची तशी काही बळजोरी नव्हती. रुंद तोंडाचं भांडं, वरून ओतायला सोयीचं. तिचा नंबर आला. दांडा कुडावर नव्हता. चिंधू त्याच दांड्याने चुलाण्यात चिपाडं ढकलत होता. पण दांडे काय, गुऱ्हाळावर हवे तितके. ती गंज धरून उभी राहिली.

धनीराम गंजात डोकावला. बराच वेळ डोकावला.

"काहून वं बायजाबाई, एवढा मोठा गंज? घरी लगन हाय का?"

"गंज तं लहानच हाय, भाऊ. तुमचा जीव त्याच्याहून लहान."

पळी गंजाच्या काठावर टणकन आदळली.

"आणखी एक."

"नाई."

"एकच."

"बाबुलालचे दात पडतील."

"पडू द्या. तुमाले कायले, तुमी बसवून देणार का?"

मागच्या बायका ओरडेपर्यंत दोघं भांडत राहिले. ती घरी पोचली तेव्हा बाबुलाल दारातच वाट पाहत होता.

"एवढा येळ?"

"धनीरामसंगं भांडण लागलं."

बाबुलालचा चेहरा उतरला. "काहून? काय म्हणे?"

बायजाबाईने तवा चुलीवर ठेवला, आयत्याचं पीठ ढवळलं.

"काय म्हणेल? गंज मोठा हाय म्हणे. साऱ्यायलेच म्हणते."

आणि पहिला आयता टाकता टाकता ती त्याला धनीरामच्या आवाजात सगळं भांडण सांगायला लागली.