चुलीत गेलेले पत्ते

आज फाटलेलं पुस्तक चिकटवायला चिंचोक्यांची खळ शिजवली आणि त्या वासानं मी पुन्हा कळमनुरीला, काकूच्या चुलीपाशी जाऊन बसले.

इंग्रजी शाळेच्या सुट्टीत मी तिच्या लेकीसाठी, चंद्रासाठी, पुठ्ठ्यावर तसल्याच खळीनं कागद डकवून पत्ते केले होते. माळ, गाळ, बाळ. सारख्या आवाजाचे शब्द तिनं जुळवायचे.

काकूनं सगळे पत्ते गोळा करून चुलीत घातले. "मडमबाई, तुमची शाळा तुमच्यापाशी ठेवा. माझं लेकरू काहून नासवून राहिल्या?"

चंद्रा पेटलेल्या पत्त्यांकडे बघत हळूच म्हणाली, "जाळ."

शब्द बराबर जुळला होता. काकूनं तिच्या थोबाडीत मारली.

शिकली तर पोरगी आपल्याला परकी होईल, ही काकूची भीती आता मला कळते. तरी काकू घरी आली की मी आतल्या खोलीत जाऊन बसते.