काकूंचे चुकीचे सुविचार

खालच्या काकूंना एकही चित्र ओळखता येत नाही, असं आमच्या अख्ख्या मराठी मंडळाचं ठाम मत होतं.

खेळ साधा. दर रविवारी मी एखादा सुविचार एआयला द्यायचा, त्यानं काढलेलं चित्र मंडळाच्या ग्रुपवर टाकायचं आणि मूळ सुविचार कोणता ते बाकीच्यांनी ओळखायचं. पहिल्याच खेपेला डोंगराच्या टोकावर हात पसरून उभा असलेला माणूस आला. एका हाताला सहा बोटं होती, ते सोडा. कुणी लिहिलं जिद्द, कुणी यश. मग ग्रुपवर काकूंचा रेकॉर्ड केलेला आवाज आला, "अय्यो, किती वाळलाय हा! ह्याला जेवायला कुणी हाक मारत नाही. सुविचार असा असेल बघ, पुरे झालं, खाली ये." ग्रुप हसून लोळला.

काकू मलाही रोज तशीच 'खाली ये' म्हणून हाक मारायच्या. नल्लकुंटा भागातलं घर त्यांचं, वरच्या खोलीची भाडेकरू मी. पुण्याहून नोकरीला आलेली, त्यामुळे उठसूट कुणाकडे जेवायला बसायचं नाही हा बाणा. काकूंनी तो महिनाभरही टिकू दिला नाही. जिन्याखाली उभ्या राहून हाक अशी द्यायच्या, की पार लांब बेगम बाजारात ऐकू जावी. "भूक नाही" म्हटलं की म्हणायच्या, "नक्को सांगू! पानावर बसली की लागती भूक." आणि खरंच लागायची. त्यांच्या चिंचेच्या आमटीपुढे कसला आलाय बाणा!

उत्तरं मात्र दर रविवारी तसलीच. साखरेचा डोंगर चढणाऱ्या मुंग्या दिसल्या की, "डब्याचं झाकण नीट लावा." वादळात पणती जपणारी बाई दिसली की, "आधी खिडकी लाव गं बाई."

सगळे हसायचे, त्यांचा मुलगा शिरीष सोडून. तो पुण्यात. बायकोशी फारकत झाल्यापासून एकटाच. तोही ग्रुपवर होता. एके दिवशी त्याचा मला फोन, "आईला साधी चित्रं कळेनाशी झालीत. तिला आता एकटं ठेवण्यात अर्थ नाही. घेऊन जातो." माझं डोकंच फिरलं. आमची थट्टा आणि ह्याला लागलाय आजार दिसायला! काकूंना घर सोडायचं नव्हतं. काका गेले तेव्हाच त्यांनी सांगून टाकलं होतं, "ह्या घरातून मी चौघांच्या खांद्यावरूनच निघणार."

शिरीष आला. जेवायच्या आधी फोन काढून एकेक जुनं चित्र काकूंपुढे धरायला लागला. काकू पापड भाजत होत्या. मान वर करून बघायच्या आणि सांगायच्या, "जिद्द. एकजूट. श्रद्धा. पुढचं दाखव." एकही चुकलं नाही.

"मग ग्रुपवर काहीही का सांगतेस?"

"बरोबर उत्तर सगळेच देतात की रे. त्यात काय मजा?"

मी मनातल्या मनात उडीच मारली. घर वाचलं! शिरीष "बरं, मग राहा तू इथंच" म्हणाला आणि मान खाली घालून जेवायला लागला. मागून मागून तीनदा आमटी घेतली. काकू त्याच्याकडे बघत राहिल्या.

संध्याकाळी खाली गेले तर काकूंची बॅग उघडी, पलंगावर साड्यांचा ढीग. मी चिडलेच. "काकू, अहो, जिंकलात ना तुम्ही!"

"हौ गं, जिंकले," साडीची घडी घालत त्या म्हणाल्या. "पण त्याच्याकडे बघितलंस का? किती वाळलाय. ह्याला जेवायला कुणी हाक मारत नाही."

मी शेजारी बसून घड्या घालू लागले.

त्या पुण्याला गेल्यानंतरच्या रविवारी मी एआयला एवढंच लिहिलं, 'जेवायला खाली ये.' चित्र आलं. जिन्याखाली पदर खोचलेली एक बाई, मान वर करून बघतेय. बोटं ह्या वेळी पाचच होती. ग्रुपवर टाकलं. कुणी लिहिलं मातृप्रेम, कुणी अतिथी, कुणी प्रतीक्षा.

काकूंचा आवाज दुपारी आला. मागे ताट मांडल्याचा आवाज होता. "हे काही मला ओळखता येत नाही गं," त्या म्हणाल्या. आणि लगेच, "पोरी, तू जेवलीस का, तेवढं सांग."

मी जेवले नव्हते.