वर्तुळाबाहेरची चौकट

पद : प्रणाली विश्लेषक. लिंग : स्त्री. वय : सेहेचाळीस. कामाचे स्वरूप : नवी संगणक व्यवस्था येण्यापूर्वी कागदाच्या मध्यभागी वर्तुळ काढणे, व्यवस्थेने करायचे ते सारे आत घेणे, उरलेले जग चौकटींत घालून बाहेर ठेवणे व ये-जा दाखवणारे बाण मारणे. स्वभाव : मितभाषी. उपद्रव : नाही.

एका रुग्णालयाचे असे चित्र काढायचे काम तिच्याकडे आले, तेव्हा तिचा सख्खा मोठा भाऊ तिथेच औषधभांडाराच्या खिडकीवर होता. कुठल्या वॉर्डला काय गेले, किती उरले, काय मागवायचे, हे तो बघायचा. वर्तुळात गेलेले काम यंत्राचे होते आणि माणूस मोकळा होतो, हे तिने पुष्कळ ठिकाणी पाहिले होते. म्हणून तिने भांडार बाहेर ठेवले. धोबीखाते आत घेतले. धोबीखात्यात तिचा भाऊ नव्हता.

हरकतींसाठी चित्र जिन्यापाशी लागले. संध्याकाळी दादा तणतणत तिच्या घरी आला. मागोमाग वहिनी.

"धोबी आत, आणि आम्ही बाहेर? पेशंट नि बँकेच्या रांगेत?"

"दादा, बाहेर आहेस तेच बरंय. आत गेलास की तुझं काम मशीन करेल."

"मला शिकवतेस? तुला सायकल कोणी शिकवली?"

"तूच."

"मग? सगळे म्हणतायत, सख्ख्या बहिणीनं बाहेर काढलं."

"म्हणू देत. तू हरकत घेऊ नकोस, एवढं ऐक."

"जाऊ द्या हो," वहिनी म्हणाल्या. "वन्संनी आपल्याला घरात तरी कधी आत धरलंय!"

दुसऱ्या दिवशी हरकत आली, साऱ्या भांडाराच्या सह्यांनिशी : भांडार हा या रुग्णालयाचा कणा आहे, त्याला मध्यभागी स्थान मिळावे.

संचालकांचा चेहरा खुलला. "आपण होऊन येतायत म्हटल्यावर नको कशाला म्हणायचं? तरी बाई, तुम्ही त्यांना बाहेर का ठेवलं होतं?"

धंद्याच्या नियमात बसेल असे एकही कारण तिच्यापाशी नव्हते. खरे कारण सांगितले असते, तर भावाबरोबर तीही गेली असती. ती म्हणाली, "नजरचूक." आणि चौकट खोडली.

त्या दिवशी दादाने भांडारात सगळ्यांना चहा पाजला.

अंतिम अहवालात नोंद आहे : 'भांडार विभागाच्या भावनांचा आदर राखून सदर विभागाचे व्यवस्थेत पूर्ण समावेशन करण्यात आले.'

खिडकी बंद आहे. दादा घरी बसून असतो.