भरवसा न ठेवणारे महालिंगअप्पा

महालिंगअप्पांना कुणी नमस्कार केला, की ते आधी खिसा चाचपत आणि मग नमस्कार परत करत. सिरसाळ्यात आमची दुकानं समोरासमोर. त्यांचं किराणा, माझं मोटारसायकल दुरुस्तीचं. सूर्य उगवला, तरी घड्याळ बघून तो खरंच उगवलाय का याची खात्री करूनच ते कुलूप काढत. "फुकटाला दोन तोंडं असत्यात इठ्या," ते मला सांगत, "एक हसतं, दुसरं चावतं."

अशा माणसाच्या मालकीचा गावाबाहेर एक डोंगरउतार होता. धावडा, पळस, बेलानं इतका गच्च, की आत शिरलेला वाघ वाट विचारत बाहेर यावा. पावसाचं पाणी त्या झाडांतून गाळून नदीत उतरायचं आणि नदीकाठच्या विहिरीतून अख्खं गाव ते प्यायचं. पलीकडचा उतार तिथल्या मालकानं मुरमासाठी दिला, तेव्हापासून त्या अंगानं नदीत नुसता चहा वाहतो. म्हशी पाण्यात तोंड घालण्याआधी साखर मागतात. अप्पांचा उतार गेला, तर विहीरही गेलीच.

तिथला मुरूमवाला शेठ आता अप्पांचाही उतार मागायला दर बाजाराला पेढे घेऊन यायचा. अप्पा पहिला पेढा त्यालाच खायला लावत, मग जरा थांबून त्याच्या तोंडाकडं बघत.

मग एक दिवस गावातल्या निवृत्त शिक्षिका कांबळेबाई आल्या. नदी राखणारं मंडळ त्या चालवत. म्हणाल्या, "अप्पा, जमीन तुमचीच राहील. फक्त झाडं तोडणार नाही, मुरूम काढणार नाही, एवढं लिहून द्या. कायमचं. पुढं पोरांनाही ते लागू."

"माझं माझ्याकडंच ऱ्हानार?"

"हो."

"मंग तुमी एवढ्या उन्हाचं कावून आलाव?"

अप्पांनी परळीचा वकील गाठला. त्याला तपासायला केजचा. त्या दोघांना तपासायला पाटोद्याचा, आणि त्याला पहिलाच सवाल, "ते दोघं तुमचे पावणे तर न्हाईत?" वर्ष गेलं. म्हातारा भाव वाढवतोय, असा मलाही संशय यायला लागला.

एका दुपारी अप्पा रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आले. चेहरा उतरलेला.

"इठ्या, आज शेठचा पेढा खाल्ला बे."

"मग?"

"त्याला आधी चारायचा इसरलो. आन् लई गोड लागला." त्यांनी बोटं धोतराला पुसली. "दुनियेत एकच मानूस भरवशाचा व्हता, मी. त्यो बी फुटाय लागला."

दुसऱ्या दिवशी रजिस्ट्रीला मी सोबत होतो. पेन हातात धरून अप्पांनी विचारलं, "बाई, उद्या मीच आलो आन् म्हनलो, मोडा, तर?"

"मोडता येणार नाही."

"रडलो तर?"

"तरी नाही."

"पाया पडलो तर?"

"अप्पा, तुमचं मी अजिबात ऐकणार नाही."

तेव्हा कुठं अप्पा हसले आणि सही केली.

गेल्या साली ते गेले. लिंगायतांच्या रीतीप्रमाणं त्यांना बसवूनच माती दिली, त्याच उताराच्या पायथ्याला. शेठही आला होता. माती लोटताना तो पुन्हापुन्हा झाडांकडं बघत होता. शेवटी अप्पांच्या थोरल्या मुलाजवळ सरकून हळूच म्हणाला, "मग, आता काय ठरवलंय?"

पोरानं हाताची माती झटकली. "मला काय इचारता शेठ? अप्पा बसलेत की तिथं. हलायचे न्हाईत."